कुत्र्या-मांजरांच्या मेंदूचा एमआरआय : केव्हा आणि कशासाठी?

गेल्या पावसाळ्यात गडमुडशिंगीचे एक निवृत्त गुरुजी सकाळी सकाळीच माझ्या दवाखान्यात आले. बरोबर त्यांचा आठ वर्षांचा अल्सेशियन कुत्रा आणि मागोमाग गल्लीतली चार माणसे. आदल्या रात्री कुत्रा अंगणात आडवा पडून पाय झाडू लागला, तोंडाला फेस आला. कोणी कांदा हुंगवला, कोणी नाकाशी चप्पल धरली. "पिसाळलाय तो गुरुजी, ठोकून टाका," असा एकाचा सल्ला. गुरुजी एवढेच म्हणाले, "डॉक्टर, आधी बघा तरी."

वाचकहो, कुत्र्याला फिट आली म्हणजे तो पिसाळलाच असे नाही. पण रेबीजची शंका मनात ठेवूनच तपासणी करावी लागते. गुरुजींकडे दरवर्षीच्या लसीची नोंद होती, कुत्रा कोणाला चावला नव्हता, पाणीही पीत होता. तरीही मी हातमोजे घालूनच तपासले आणि दहा दिवस बांधून लक्ष ठेवायला सांगितले. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा कुत्रा बहुधा दहा दिवसांत दगावतो. अशा जनावराची लाळ जखमेला लागली तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. तेथे फोटोची वाट पाहण्यात अर्थ नाही.

दहा दिवस गेले, कुत्रा खातापिता राहिला. रक्ताच्या तपासणीत साखर, कॅल्शियम, यकृत सर्व ठीक निघाले. फिटच्या गोळ्या सुरू केल्या. फिट कमी झाल्या, पण कुत्रा अंगणात सारखा डावीकडेच गोल फिरू लागला. गुरुजींनी आणखी एक गोष्ट टिपली होती. ताटातली उजव्या बाजूची भाकरी तो तशीच ठेवायचा, जणू ती त्याला दिसतच नव्हती. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू सांभाळते. तेव्हा दुखणे मेंदूच्या डाव्या भागात आहे, एवढे हाताने तपासूनच कळले. पण ते काय आहे, गाठ की सूज, हे कळायला आत पाहणे भाग होते.

यंत्र काय दाखवते?

साध्या एक्स-रेत कवटीचे हाड दिसते, आतला मऊ मेंदू दिसत नाही. एमआरआयमध्ये एक्स-किरण नसतातच. त्यात मोठे चुंबक असते. नेहमीच्या दीड टेस्लाच्या यंत्राचे बळ पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट भरते. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. चुंबकात त्याला रेडिओ लहरींचा धक्का दिला की तो उलट संदेश देतो आणि संगणक त्यावरून चित्र तयार करतो. गाठ, सूज, रक्तस्राव यांत पाण्याचे प्रमाण बदलते, म्हणून ते वेगळे उठून दिसतात. 1973 मध्ये पॉल लॉटरबर यांनी या पद्धतीने पाण्याच्या दोन नळ्यांचे चित्र काढले होते. 2003 मध्ये त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाला "हलू नका" सांगता येते, जनावराला नाही. यंत्राचा आवाजही ठणठणाटी. म्हणून कुत्र्या-मांजराला पूर्ण भूल द्यावी लागते. भुलीआधी हृदय, मूत्रपिंड तपासावे लागते. गळ्यातले घुंगरू, पट्ट्याची कडी सारे काढावे लागते.

गुरुजींनी विचारले, "मुंबईला नेला तर बरा होईल का?" मी म्हणालो, "बरा होईल का, ते यंत्र सांगणार नाही. काय झालंय, ते सांगेल." मुलाशी बोलून दोन दिवसांनी त्यांनी गाडी ठरवली.

फोटोत डाव्या बाजूला, मेंदूच्या आवरणाला चिकटलेली सुपारीएवढी गाठ दिसली. भोवती सूज होती. शस्त्रक्रियेचा पर्याय तिथल्या डॉक्टरांनी समजावून दिला. कुत्र्याचे वय पाहून गुरुजींनी नको म्हटले. सूज उतरायला स्टिरॉइड आणि फिटच्या गोळ्या एवढ्यावर कुत्रा पाच महिने जगला. बहुतेक दिवस तो गुरुजींबरोबर मळ्यापर्यंत चालत जाई.

फोटो पाहताना गुरुजी एकच वाक्य बोलले, ते मला विसरता येत नाही. "घरात घाण करतो म्हणून मी याला दोनदा छडीनं मारलं, डॉक्टर."

प्रत्येक फिटला एमआरआय नको

सहा महिने ते सहा वर्षे वयात पहिली फिट आली आणि दोन फिटांच्या मधल्या काळात कुत्रा अगदी नेहमीसारखा असेल, तर बहुधा ती साधी अपस्मार असते. ती गोळ्यांनी आटोक्यात राहते. वय त्याहून कमी-जास्त असेल, स्वभाव किंवा चाल बदलली असेल, फिट लागोपाठ येत असतील किंवा गोळ्यांना दाद देत नसतील, तर एमआरआयचा विचार करावा. म्हाताऱ्या मांजराच्या मेंदूत बहुधा आवरणाचीच गाठ निघते आणि ती पुष्कळदा शस्त्रक्रियेने काढता येते. तेथे फोटो खरोखर जीव वाचवू शकतो. मात्र कुत्र्याच्या गोचिडांचे औषध मांजराला लावल्यानेही फिट येते, हे आधी डॉक्टरांना सांगा. नुसत्या फोटोवरून रोगाचे नाव नेहमीच ठरत नाही. कधी पाठीच्या मणक्यातले पाणी तपासावे लागते.

खर्च हजारांत जातो. म्हणून आधी गावातल्या डॉक्टरांना दाखवा, मग गरजेप्रमाणे शिरवळ किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा सल्ला घ्या. निकालाने उपचार बदलणार असेल, किंवा घरच्यांचा निर्णय सुकर होणार असेल, तरच निघा.

फिट आली तर तोंडात हात घालू नका, पाणी ओतू नका. कांदा-चप्पल बाजूला ठेवा. घड्याळ पाहा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर थेट दवाखाना. तारीख, वेळ, कोणत्या बाजूला वळला, हे वहीत लिहा. गुरुजींच्या भाकरीच्या त्या निरीक्षणाने मला अर्धे निदान हातात दिले होते. आणि शिकवलेले जनावर एकाएकी घरात घाण करू लागले, तर छडी उचलण्याआधी डॉक्टरांकडे या.