इंडिकाची जागा

टाटा इंडिका १९९८ मध्ये बाजारात आली आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या वीस वर्षांत पुण्याजवळच्या पिंपरी कारखान्यातून निघालेल्या या गाडीची जागा घेण्यासाठी कंपनीने तीन मॉडेल आणली : २००८ मध्ये इंडिका व्हिस्टा, २०१५ मध्ये बोल्ट आणि २०१६ मध्ये टियागो. ओळखीची गाडी बदलणे कारखानदाराला किती अवघड जाते, हे समजून घ्यायला महाराष्ट्रात याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. आणि इंडिकाचे आयुष्य पाहायला पनवेलइतके सोयीचे गावही क्वचितच असेल. कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो आणि पळस्पे फाट्याला गोव्याचा रस्ता पुण्याच्या जुन्या महामार्गापासून वेगळा होतो. घाटावर आणि कोकणात जाणारे भाडे इथूनच सुटते. पांढरी इंडिका आणि तिची पिवळी नंबरप्लेट ही अनेक वर्षे या भाड्याची ओळख होती.

इंडिका जन्मली तेव्हा टाटा मोटर्सचे नाव टेल्को होते आणि कंपनीची ख्याती ट्रकची होती. रतन टाटा यांनी ठरवलेले सूत्र साधे होते : गाडी बाहेरून मारुती झेनएवढी, आत अॅम्बॅसडरसारखी ऐसपैस, आणि किंमत मारुती ८००च्या आसपास. सुमारे १,७०० कोटी रुपयांचा हा प्रकल्प होता. बाह्यरूपासाठी इटलीतील तुरीन शहरातल्या आयडिया या संस्थेची मदत घेतली गेली. ऑस्ट्रेलियातील निसानच्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री सुटी करून, जहाजाने आणून पिंपरीत पुन्हा उभी करण्यात आली. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात गाडी लोकांना दिसली आणि वर्षअखेरीस विक्रीला आली. आठवडाभरात एक लाखाहून अधिक नोंदण्या झाल्या.

पहिल्या गाड्यांबद्दल मात्र तक्रारी आल्या. आवाज फार, टायर लवकर झिजतात, सस्पेन्शन नीट नाही, असे ग्राहक सांगू लागले. २०००-०१ या वर्षात कंपनीला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. कंपनीने दोष शोधून गाडी सुधारली आणि २००१ मध्ये इंडिका व्ही-टू आणली. लोकांच्या मनात राहिली ती हीच इंडिका. मोटारधंद्यात नव्या गाडीची घोषणा मोठी असते, पण खरी कमाई अशा दुरुस्त केलेल्या दुसऱ्या आवृत्तीची असते, हे व्ही-टूने दाखवून दिले.

टॅक्सीवाल्यांनी ती उचलली याला कारणे होती. त्या काळात डिझेलचे दर सरकार ठरवत असे आणि ते पेट्रोलपेक्षा बरेच कमी असत. इंडिकाचे १,४०५ सीसीचे डिझेल इंजिन वेगवान नव्हते, पण ॲव्हरेज चांगले देई. मागच्या सीटवर तिघे नीट बसत. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाल्यावर मुंबई-पुणे प्रवासाचा वेळ घटला आणि भाड्याच्या गाड्यांची मागणी वाढली. रोज घाट चढून परत यायचे, महिन्याला हप्ता भरायचा आणि तरी हातात काही उरवायचे, या हिशेबात इंडिका बसत होती. पुढे २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या छोट्या गाड्यांचे उत्पादनशुल्क कमी केले. त्यासाठी पेट्रोल इंजिनाला १,२०० आणि डिझेल इंजिनाला १,५०० सीसीची मर्यादा होती. डिझेल इंडिका या चौकटीत आपोआपच बसली.

गाडी बदलणे म्हणजे नेमके काय, हे इथे पाहिले पाहिजे. बंपर, दिवे, डॅशबोर्ड बदलून तीच गाडी ताजी करणे हा स्वस्त मार्ग. खरी नवी गाडी म्हणजे नवा प्लॅटफॉर्म : गाडीचा तळ, चाकांमधले अंतर, सस्पेन्शन बसवण्याच्या जागा, अपघातात धक्का झेलणारी रचना. हे बदलले की पत्रे दाबण्याचे साचे, वेल्डिंगची मांडणी आणि पुरवठादारांची शेकडो सुट्या भागांची कामे सगळी नव्याने करावी लागतात. हा खर्च लाखो गाड्यांवर वाटला गेला तरच परवडतो. म्हणूनच जुन्या गाडीचा खर्च वसूल झाल्यावर कारखानदाराला तिचा मोह सुटत नाही. साचे तयार असतात, कामगारांचे हात बसलेले असतात, आणि प्रत्येक विकलेल्या गाडीतून सुटणारा पैसा जास्त असतो.

ऑगस्ट २००८ मध्ये आलेली इंडिका व्हिस्टा अशी खरी नवी गाडी होती. इंडिकाच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २,४०० मिलिमीटर होते, व्हिस्टात ते २,४७० झाले. आत जागा वाढली आणि फियाटच्या तंत्रावरचे १.३ लिटरचे डिझेल इंजिनही मिळाले. ते रांजणगावच्या फियाट-टाटा संयुक्त कारखान्यात बनत असे. चालवण्यात आणि आवाजात व्हिस्टा जुन्या गाडीपेक्षा उघडच सरस होती. पण कंपनीने जुनी इंडिका बंद केली नाही. टॅक्सीच्या धंद्यासाठी तिची विक्री चालू राहिली आणि पुढे प्रदूषणाच्या नव्या निकषांसाठी इंजिन बदलून तीच ई-व्ही-टू या नावाने आली. इंडिगो या सेदान गाडीच्या बाबतीतही तेच झाले. २००९ मध्ये तिच्या जागी मांझा आली, पण लांबी चार मीटरच्या आत आणलेली इंडिगो सीएस शेजारी उभीच राहिली.

कंपनीची अडचण या दुहेरी विक्रीतच होती. छोट्या गाडीचे ग्राहक दोन असतात : घरची गाडी घेणारे आणि धंद्याची गाडी घेणारे. धंदेवाल्याला ओळखीचे इंजिन, गावच्या गॅरेजात दुरुस्त होणारी गाडी आणि स्वस्त सुटे भाग हवे असतात. नव्याची त्याला ओढ नसते, उलट भीती असते, कारण गाडी एक दिवस बंद राहिली की त्या दिवसाचे भाडे गेले. घरच्या ग्राहकाचे उलटे असते. स्टेशनबाहेर रांगेत उभ्या असलेल्या टॅक्सीवर जे नाव दिसते, तेच नाव आपल्या दारातल्या गाडीवर असावे, हे त्याला रुचत नाही. व्हिस्टावर ‘इंडिका’ हे नाव होते, आणि तोवर इंडिका म्हणजे टॅक्सी हे लोकांनी ठरवून टाकले होते. चांगली गाडी या ओळखीखाली दबली. नाव जपायचे असेल तर जुनी गाडी थांबवायला हवी होती, आणि जुनी गाडी चालू ठेवायची असेल तर नाव नवे हवे होते. दोन्ही एकदम साधण्याचा हट्ट कंपनीला महागात पडला.

जानेवारी २०१५ मध्ये आलेल्या बोल्टने नाव बदलले, पण तिचा पाया बव्हंशी व्हिस्टाचाच होता. जुन्यापासून खरी फारकत घेतली ती टियागोने. ही गाडी आधी ‘झिका’ या नावाने येणार होती. त्याच सुमारास झिका विषाणूची साथ जगभर बातम्यांत आली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये नाव बदलावे लागले. एप्रिल २०१६ मध्ये ३ लाख २० हजार रुपयांच्या आरंभीच्या किमतीला टियागो विक्रीला आली. ती बनते गुजरातमधील साणंद येथे, नॅनोसाठी उभारलेल्या कारखान्यात. पिंपरीहून छोट्या गाडीचे मुख्य काम असे दुसऱ्या राज्यात गेले, ही इथल्या पुरवठादारांच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती. २०२० मध्ये विक्रीला आलेली अल्ट्रोझ ही थोडी मोठी हॅचबॅक मात्र पिंपरीत बनू लागली.

इंडिकाचा शेवट कायद्याने ठरवला. ताशी ५६ किलोमीटर वेगाने समोरून होणाऱ्या धडकेची आणि बाजूच्या धडकेची चाचणी नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि चालू मॉडेलांना ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीची झाली. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आले. नव्वदच्या दशकात आखलेल्या गाडीला या कसोट्यांतून नेण्याचा खर्च करण्यात अर्थ नव्हता. शिवाय ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले होते आणि पेट्रोलशी असलेली तफावत आटत होती. इंडिकाचा मूळ आधारच गेला. २०१८ मध्ये इंडिका आणि इंडिगो दोन्ही थांबल्या. टियागोला मात्र जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले.

उत्पादन थांबले म्हणून गाडी लगेच रस्त्यावरून जात नाही. ज्याची इंडिका अजून धावते, त्याला पंप, क्लचप्लेट, सस्पेन्शनचे बुश कुठून मिळतील याची काळजी असते. जास्त खपलेल्या गाडीला इथे मोठा फायदा मिळतो. तिचे भाग इतर उत्पादकही बनवतात, भंगारात निघालेल्या गाड्यांचे भाग मिळतात आणि तिचे इंजिन डोळे मिटून उघडणारे मेकॅनिक गावोगाव असतात. कमी खपलेल्या व्हिस्टा किंवा बोल्टच्या मालकाला तेवढी सोय नसते. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने ॲव्हरेजइतकेच याकडेही पाहावे.

पनवेल-नवी मुंबई पट्ट्यात आता भाड्याच्या धंद्याचा हिशेब सीएनजीवर चालतो. टियागोतील डिझेल इंजिन बीएस-६ बरोबर गेले, जानेवारी २०२२ मध्ये सीएनजी आले आणि त्याच वर्षी तिची विजेवर चालणारी आवृत्तीही आली. नावाचा धडा कंपनीने २०२१ मध्ये अमलात आणला. टिगोर या सेदानची विजेवरची टॅक्सी विकताना तिला टिगोर म्हटले नाही. केवळ भाड्याच्या गाड्यांसाठी ‘एक्सप्रेस’ हे वेगळे नाव काढले आणि त्या गाडीला एक्सप्रेस-टी म्हटले. टिगोर हे नाव घरच्या ग्राहकासाठी राखून ठेवले.