दालचिनीचे तेल : उपयोग आणि सावधगिरी

आपण मॉरिशसमध्ये दालचिनीला क्रिओलमध्ये ‘कानेल’ म्हणतो. कतारची राजधानी दोहा येथील अल हिलाल वस्तीत पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात. तेथे दुकानात ‘दारसीन’ म्हटले की हीच साल मिळते. ‘दालचिनी’ आणि ‘दारसीन’ हे दोन्ही शब्द फारसीतून आले. नाव ओळखीचे, वास ओळखीचा, म्हणून तिच्या तेलाची बाटलीही घरचीच वाटते. येथेच सावध राहिले पाहिजे.

सुमारे 100 किलो सालीपासून 1 ते 2 किलोच तेल निघते. तेव्हा पुलावातला तुकडा आणि बाटलीतला थेंब यांची बरोबरी करू नये. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड जास्त असते, तर पानांच्या तेलात लवंगेतले युजेनॉल. साबण, टूथपेस्ट, मिठाई व अत्तरे यांत ही तेले अगदी थोडी घालतात.

सालीचे तेल त्वचेला फार झोंबते. तज्ज्ञांनी त्याची मर्यादा 0.07 टक्के सांगितली आहे, म्हणजे सुमारे 70 मिलिलिटर खोबरेल तेलात एकच थेंब. पाण्यात ते मिसळत नाही, तळाशी जाते. म्हणून आंघोळीच्या पाण्यात टाकू नये. 1985 साली एका अमेरिकन वैद्यकीय मासिकात 11 वर्षांच्या मुलाची हकीकत आली होती. हे तेल बराच वेळ अंगाला लागून राहिल्याने तो भाजला होता.

दोह्यात उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. दारे-खिडक्या बंद करून एअर कंडिशनर चालू ठेवतात. चक्रीवादळात आपणही तसेच घर बंद करून बसतो. अशा कोंडलेल्या खोलीत तेलाची वाफ सोडू नये, घरात दमेकरी असेल तर मुळीच नाही. एरवी एक-दोन थेंब, थोडा वेळ, खिडकी उघडी ठेवून पुरे.

तान्ह्या बाळांना व गरोदर स्त्रियांना हे तेल लावू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पोटात तर कोणीच घेऊ नये.

तेल अंगावर सांडले तर स्वयंपाकाच्या तेलाने पुसून मग साबणाने धुवावे. डोळ्यात गेल्यास भरपूर पाणी मारत राहावे. मुलाने प्यायल्यास उलटी करवू नये, बाटली बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. मदतीसाठी कतारमध्ये 999 आणि मॉरिशसमध्ये 114 हा क्रमांक फिरवावा. बाटली मात्र मसाल्याच्या डब्याजवळ नको, कुलपातच ठेवावी.