कापसाची आग विझवायला शिकताना

18 मे 2025 च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना पेटला. मालकासह आठ जणांचा जीव गेला. बंबांमागून बंब आले, तरी आग आटोक्यात यायला कित्येक तास लागले. सूत आणि टॉवेल भराभर पेटतात, विझतात मात्र सावकाश. पाण्याच्या माऱ्याने वरच्या ज्वाळा बसल्या तरी गठ्ठ्यांच्या पोटात धग राहतेच. एकेक गठ्ठा ओढून, फोडून भिजवावा लागतो.

हे काम शिकायचे तर वाट मुंबईला जाते. सांताक्रूझच्या विद्यानगरीतील महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीत अग्निशामक अभ्यासक्रम सहा महिन्यांचा आहे. दहावीला 50 टक्के गुण, उंची 165 सेंटिमीटर आणि वजन 50 किलो, ही पुरुषांसाठीची पहिली चाळण. उपस्थानक अधिकाऱ्यासाठी पदवी हवी आणि कोर्स वर्षभराचा. फायर इंजिनिअरिंगची पदवी देणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरात आहे. 2002 साली हर्षिनी कान्हेकर यांनी तिथे प्रवेश घेईपर्यंत त्या वर्गात मुलगी बसलीच नव्हती.

अग्निशामकाच्या कोर्समध्ये सगळा भर ड्रिलवर. होज अंथरा, कपलिंग जोडा, शिडी लावा, दोराच्या गाठी मारा, बेशुद्ध माणसाला खांद्यावर घ्या, पुन्हा पहिल्यापासून. धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो, म्हणून हातांनाच सवय लावायची.

खरा कस लागतो तो बीए सेट, म्हणजे श्वसनयंत्र, पाठीवर चढवल्यावर. त्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असे पुष्कळांना वाटते. असते साधीच हवा, दाबून भरलेली. सहा लिटरच्या सिलिंडरात 300 बार दाबाने सुमारे 1800 लिटर हवा मावते. कष्टाचे काम करणारा माणूस मिनिटाला 40 लिटर ओढतो असे धरले, तर झाली 45 मिनिटे. घाबरून धापा टाकणाऱ्याची त्याआधीच संपते. दाब 55 बारच्या आसपास उतरला की शिट्टी वाजते. पण शिट्टीची वाट पाहणारा शिकलेला नव्हे. आत जाताना किती हवा लागली ते गेजवर पाहून तेवढी परतीसाठी राखायची. छाती फुगवून आत घुसण्यापेक्षा हा हिशेब कठीण.

कोर्स झाला म्हणजे नोकरी लागली असे नाही. महापालिकेची भरती निघावी लागते, मग पुन्हा मैदानी चाचणी. दुसरा रस्ता 2006 च्या राज्य अग्निसुरक्षा कायद्याने उघडला: कायद्याच्या कक्षेतल्या इमारतींच्या मालकांना आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दर जानेवारी-जुलैत द्यावे लागते. ती यंत्रणा तपासायलाही शिकलेली माणसेच लागतात.