विंचू डसतो तेव्हा पेशीत काय होते

पेण-रोह्याकडे पावसाळ्यात लाल विंचवाची धास्ती असते, आणि ती रास्तच आहे. विष काय करते ते कळायला आधी निरोगी पेशी पाहू. मज्जातंतूंच्या टोकांत आणि अधिवृक्क ग्रंथीत अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायने सूक्ष्म पिशव्यांत भरलेली असतात. विद्युतसंदेश आला की कॅल्शियम पेशीत शिरते, पिशवी पेशीपटलात मिसळून उघडते आणि रसायन बाहेर पडते. मज्जातंतूत हे सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकते. विद्युतसंदेश पेशीपटलावरच्या सोडियमच्या दारांतून निघतो; विंचवाचे विष ही दारे नीट मिटूच देत नाही. मग संदेश थांबत नाहीत, अ‍ॅड्रेनलिनचा पूर येतो: दरदरून घाम, हातपाय गार, कधी फुप्फुसांत पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन वापरले आणि मृत्यू खूप घटले. हे औषध पिशव्या बंद करत नाही. अ‍ॅड्रेनलिनचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम अडवते. तेव्हा मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.