एका गिरणी कामगाराची तीन जन्मसालं

गिरणगावातल्या घराची वंशावळ काढायला बसलं की आधी वाटतं, कागद कुठून मिळणार? खरी पंचाईत कागद मिळाल्यावर होते. गिरणीच्या सर्व्हिस सर्टिफिकेटवर एक जन्मसाल, रेशनकार्डावर दुसरं, गावच्या नोंदीत तिसरं. आडनाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाहीच. मग ज्या कागदावर जास्त शिक्के, तो खरा धरून लोक मोकळे होतात. ही घाई नडते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. आजोबांचं नाव दगडू गणू, गाव मालवण तालुक्यात, नोकरी परळच्या एका गिरणीत, साचा (विणकाम) खात्यात. गिरणीच्या दप्तरी जन्म १९२०, रेशनकार्डावरच्या वयावरून १९२७. गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, गणूला मुलगा झाल्याच्या नोंदी दोन, १९२१ आणि १९२४. मुलाचं नाव दोन्हींत नाही, कारण नोंद व्हायची तेव्हा बहुतेकदा बारसंच झालेलं नसे.

आता प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारायचे. माहिती कोणी दिली? घटनेनंतर किती दिवसांनी? आणि त्या उत्तरावर देणाऱ्याचं काय अवलंबून होतं?

कोतवालाने जन्म लिहिला तो घटना ताजी असताना, आणि तारीख फिरवून कोणाचा फायदा नव्हता. गिरणीचं तसं नाही. आजोबा कामाला लागले १९३८ मध्ये. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने बारा वर्षांखालच्या मुलांना बंदी होती आणि बारा ते पंधराच्या मुलांना दिवसाला पाच तासच काम देता येई. पूर्ण पगार हवा तर पोराने मोठं व्हायलाच हवं. म्हणजे जन्म १९२४ चा असेल, तर चौदाव्या वर्षी अठरा सांगण्याला चोख कारण होतं. रेशनकार्डावरचं वय दारात जो भेटला त्याने अंदाजाने सांगितलेलं. कार्ड कोणत्या वर्षी लिहिलं ते पाहिल्याशिवाय त्यावरून साल काढूच नये. पुढच्या पिढीच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसला तर तोही असाच समजावा. शाळा जूनमध्ये उघडायची, आणि मुलाला प्रवेशाच्या वयात बसवायला हेडमास्तर ती तारीख टाकून देत.

उरले १९२१ आणि १९२४. इथे नावच वाट दाखवतं. दगडू, धोंडू, केरू ही नावं बऱ्याचदा आधीची मुलं दगावल्यावर, दृष्ट लागू नये म्हणून ठेवली जात. तेव्हा जन्माची पानं बाजूला ठेवून मृत्यूची उघडायची. १९२२ मध्ये गणूचा एक वर्षाचा मुलगा वारल्याची नोंद मिळाली की १९२१ चा मुलगा आजोबा नव्हेत. त्याच वाडीत दुसरा गणू नव्हता ना, हे मात्र तपासायचं. त्यासाठी गणू वारल्यावर सातबाऱ्यावर चढलेला वारसांचा फेरफार काढा. त्यात मुलगे, मुली, विधवा यांची नावं सापडतात. फेरफाराची तारीख मृत्यूची नव्हे. वारस लावायला कित्येक घरांत वर्षं गेली आहेत.

घरच्यांच्या आठवणींना साल विचारू नका, क्रम विचारा. मानमोडीच्या साथीच्या आधी की नंतर, मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाच्या वेळी लग्न झालं होतं का, असं विचारलं की नेमकं उत्तर येतं. ती इन्फ्लुएंझाची साथ १९१८ ची, स्फोट १४ एप्रिल १९४४ चा.

काही विरोध तर दिसण्यापुरतेच असतात. जुन्या कागदावर जिल्हा रत्नागिरी आणि नव्यावर सिंधुदुर्ग, तर गाव हललेलं नाही. १९८१ मध्ये जिल्हा वेगळा झाला. ई. डी. ससून गटाच्या गिरण्या पुढे इंडिया युनायटेड झाल्या, तेव्हा दोन नावांवरून दोन नोकऱ्या मोजू नयेत. आडनावाचंही तेच. गिरणीत स्वतःचं आणि बापाचं नाव पुरत असे, मुलाला शाळेत घालताना गावावरून आडनाव लागे, आणि चुलत्याच्या घरात भलतंच रूढ होई.

बायकांचा माग याहून अवघड. लग्नात नाव बदललेलं, पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या गावात मुलाची जन्मनोंद न मिळाल्यास ती नाहीच असं समजून थांबू नका. आजीच्या माहेरचं कोतवाल बुक तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. कुणबी नोंदींच्या शोधामुळे ही बुकं अलीकडे बरीच हाताळली गेली आहेत. जुनी पानं मोडी लिपीत असतील तर वाचून घेताना मूळ पानाचा फोटोही जवळ ठेवावा. वाचणारा माणूसही चुकतो.

निकाल लावल्यावर हरलेला कागद फेकू नका. वंशावळीत लिहा: ‘जन्म १९२४, कोतवाल बुकावरून; गिरणीत १९२०, बहुधा वय वाढवून सांगितलेलं.’ गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे अर्ज केलेल्या वारसांना गिरणीतल्या नोकरीचा कागद दाखवावा लागतो, मग त्यावरचं वय चुकीचं का असेना. जुन्या कागदावर पेनाने दुरुस्ती तर मुळीच करू नका.