पर्यटन-ट्रेलर ओढण्यासाठी पिकअप वाहनाची निवड

पर्यटन-ट्रेलर म्हणजे निजण्याची, स्वयंपाकाची व सामान ठेवण्याची सोय असलेली, स्वतःचे इंजिन नसलेली आणि दुसऱ्या वाहनाने ओढावयाची गाडी होय. भारतातील बहुतेक कॅराव्हॅन एकसंध मोटारगाड्या असतात; ओढावयाचे ट्रेलर तुलनेने विरळ आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. नागपूरहून पेंच, ताडोबा व चिखलदरा येथे कुटुंबासह रस्त्याने जाता येत असल्याने हा विषय विदर्भातही उपयुक्त ठरतो.

वाहनाचे स्वरूप

ओढण्यासाठी शिडीच्या आकाराच्या पोलादी चौकटीवर बांधलेले, कमी फेऱ्यांतही भरपूर ओढ देणारे डिझेल इंजिन असलेले वाहन सोयीचे असते. कुटुंबासाठी दोन आसनरांगांचे केबिन लागते. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ साली भारतात आलेली टोयोटा हायलक्स ही अशा पिकअपची उदाहरणे होत. मात्र इंजिनाची शक्ती हा निवडीचा एकमेव निकष नव्हे.

वजनाचा हिशेब

निर्मात्याच्या पुस्तिकेत ओढण्याची कमाल मर्यादा, वाहनाचे कमाल भारित वजन आणि वाहन व ट्रेलर यांचे कमाल संयुक्त वजन, अशा निरनिराळ्या मर्यादा दिलेल्या असतात. यांपैकी एकही ओलांडता कामा नये. व्यवहारात बहुधा भारवहनाची मर्यादा आधी संपते.

उदाहरणार्थ, एखाद्या पिकअपची भारवहनक्षमता ४५० किलोग्रॅम आहे असे समजू. सरासरी ६५ किलोग्रॅम वजनाची पाच माणसे ३२५, सामान १०० आणि १,५०० किलोग्रॅमच्या ट्रेलरने जोडणीवर टाकलेला १० टक्के भार १५० किलोग्रॅम मिळून ५७५ किलोग्रॅम होतात. ओढण्याची मर्यादा कितीही मोठी असली तरी हे वाहन १२५ किलोग्रॅमने अतिभारित ठरते. अशा वेळी मागील स्प्रिंग दबतात, पुढील चाकांवरील भार घटतो आणि सुकाणू व ब्रेक यांवरील ताबा कमी होतो.

समतोल

बैलगाडीत मागे जास्त ओझे भरले की ती उलाळ होते, म्हणजे जू वर उचलले जाते. एका आसाच्या ट्रेलरलाही हाच नियम लागू पडतो. भार आसामागे गेल्यास ट्रेलर वेगात डावीउजवीकडे झोलू लागतो व ओढणाऱ्या वाहनालाही खेचतो. म्हणून पाणी, गॅसची टाकी व इतर जड वस्तू आसाजवळ किंवा किंचित पुढे ठेवतात. उत्तर अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीवर असावा असा प्रघात आहे. परंतु निर्मात्याने दिलेली मर्यादाच अंतिम मानावी. ट्रेलरचे वजन वाहनाच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंतच असावे, असा सल्ला ब्रिटनमध्ये नवशिक्यांना दिला जातो.

घाट, उष्णता व ब्रेक

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर, तर चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. चढणीत इंजिन व गियरपेटी तापते. मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जात असल्याने शीतन यंत्रणा सक्षम असणे आवश्यक आहे. उतारावर खालच्या गियरचा उपयोग न केल्यास ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटर केल्यास गतिज ऊर्जा सुमारे पावणेदोन पट होते. म्हणून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे अत्यावश्यक आहे. समृद्धी महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर दीर्घकाळ वेगाने जाताना टायर तापतात. निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवेचा दाब तपासावा.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ट्रेलरची स्वतंत्र व्याख्या आहे. ओढणाऱ्या वाहनाचा नोंदणी क्रमांक ट्रेलरवर दिसेल असा लावावा लागतो. वाहनाचे रिकामे व भारित वजन नोंदणी प्रमाणपत्रात पाहता येते. खरेदीपूर्वी ट्रेलरची नोंदणी, विमा व चालन परवाना यांविषयी प्रादेशिक परिवहन कार्यालयात खात्री करावी आणि संपूर्ण भरलेली गाडी वजनकाट्यावर तोलून घ्यावी.