अनुदान आणि अधिछात्रवृत्ती : खारघरच्या एका उपचारामागील हिशेब

गतवर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आमच्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी प्रश्न विचारला. "जनुकांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांना कोट्यवधींची अनुदाने मिळाल्याच्या बातम्या आम्ही वाचतो. तेवढ्या रकमेत आपल्या रुग्णालयात किती गरिबांचे डायलिसिस झाले असते?" प्रश्न रास्त होता आणि सभेच्या वेळेत त्याचे उत्तर देणे शक्य नव्हते. अहवालातून सविस्तर खुलासा करण्याचे आश्वासन आम्ही त्या वेळी दिले होते, त्याची ही पूर्तता. आम्ही वैद्यक नव्हे, जमाखर्चाच्या वहीतून रुग्णालय पाहणारी माणसे आहोत. हा विषयही वाचकांनी त्याच बाजूने पाहावा, अशी विनंती आहे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पनवेल तालुक्यातच, खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही संस्था आहे. तिचे मूळ परळला १९५२ साली सुरू झालेल्या कर्करोग संशोधन केंद्रात असून डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्याचे पहिले संचालक होते. या ॲक्ट्रेकच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात ४ जून २०२१ रोजी भारतात विकसित झालेल्या 'कार-टी' पेशींचा उपचार प्रथमच एका रुग्णावर करण्यात आला. रक्ताच्या काही कर्करोगांत केमोथेरपी निष्फळ ठरते किंवा आजार उलटतो, अशा रुग्णांसाठी हा उपचार आहे. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी वेगळ्या काढतात. रोग उत्पन्न करण्याची शक्ती काढून घेतलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात एक नवे जनुक पोहोचवतात. त्या जनुकामुळे पेशींना कर्करोगपेशीवरील 'सीडी-१९' ही खूण ओळखता येते. मग त्या पेशी संख्येने वाढवून सलाइनप्रमाणे रुग्णाला परत देतात. येथे जनुकाची भर घातली जाते. जनुक-संपादन म्हणजे असलेल्याच जनुकातील मजकूर नेमक्या जागी कापून दुरुस्त करणे. ज्या 'क्रिस्पर' तंत्राने ते होते त्यासाठी एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तंत्रे भिन्न असली तरी पैशाची वाट दोन्हीकडे सारखीच असते.

ती वाट या उपचाराच्या बाबतीत कशी गेली? प्रा. राहुल पुरवार हार्वर्ड येथील संशोधन संपवून २०१३ साली पवईच्या आय.आय.टी.त रुजू झाले. त्यांच्या प्रयोगशाळेत या पेशींची रचना व प्राण्यांवरील चाचण्या झाल्या. टाटा रुग्णालयाचे डॉ. हसमुख जैन आणि डॉ. गौरव नरुला यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांवरील चाचण्यांची धुरा वाहिली. आरंभीच्या कामाला केंद्र शासनाच्या 'बायरॅक' या संस्थेच्या योजनेतून अंशतः साहाय्य मिळाले. लहान मुलांवरील पहिल्या प्रायोगिक चाचणीला टी.सी.एस. फाउंडेशनने, म्हणजे एका धर्मादाय निधीने, पाठबळ दिले. पुढे जैवतंत्रज्ञान विभाग आणि बायरॅक यांनी पहिल्या व दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांसाठी १९ कोटी १५ लाख रुपये मंजूर केले. ज्या राष्ट्रीय बायोफार्मा मिशनमधून हे साहाय्य आले, त्याचा निम्मा भार जागतिक बँकेच्या कर्जाने उचलला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी 'नेक्सकार-१९' या नावाने उपचाराला मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचे लोकार्पण झाले. पहिल्या अनुदानाच्या वेळी यातील काहीही निश्चित नव्हते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. बँक ज्यास तारण म्हणते, तसे काहीच प्रयोगशाळेकडे नसते. म्हणूनच येथे कर्ज चालत नाही, अनुदानच लागते.

आता अनुदान म्हणजे काय, हे पाहू. शीर्षनिहाय बांधलेली ती रक्कम असते : उपकरणे, मनुष्यबळ, रसायने, प्रवास, आकस्मिक खर्च आणि संस्थेचा प्रशासकीय भार. एका शीर्षातील पैसा परवानगीवाचून दुसऱ्यात वळवता येत नाही. बँकेत पडून राहिलेल्या अनुदानावरील व्याजही शासनाचेच. वर्षअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याखेरीज पुढील हप्ता येत नाही. त्या प्रमाणपत्राचा नमुना '१२-अ' या क्रमांकाचा आहे. विश्वस्त संस्थांत हयात घालवलेल्या आम्हाला '१२-अ' म्हटले की आयकर सवलतीचे कलमच आठवत असे. काही वर्षांपूर्वी एका लहानशा सर्वेक्षण अनुदानात आम्ही प्रवासाच्या शीर्षातून संगणकाची दुरुस्ती केली आणि ती रक्कम निमूटपणे परत भरली. तेव्हापासून कोट्यवधींच्या अनुदानाचा हिशेब राखणाऱ्या लेखापालांविषयी आमचा आदर वाढला आहे.

अधिछात्रवृत्ती ही याहून निराळी. अनुदान कामाला मिळते, अधिछात्रवृत्ती माणसाला. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून निवडलेल्या कनिष्ठ संशोधकास जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व ज्येष्ठास ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता, असा दर आहे. त्यापूर्वी, जानेवारी २०१९ पासून, कनिष्ठाचा दर ३१,००० होता आणि तोही देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांनी निदर्शने केल्यावर वाढला होता. परदेशी गेलेल्या शास्त्रज्ञांना परत आणण्यासाठी रामलिंगस्वामी अधिछात्रवृत्ती आहे. २००८ साली वेलकम ट्रस्ट या ब्रिटिश धर्मादाय संस्थेने जैवतंत्रज्ञान विभागासह 'इंडिया अलायन्स' उभारले. सूक्ष्मदर्शक विकत घेता येतो, परंतु रात्री दोन वाजता पेशींचे पोषणद्रव बदलणारा तरुण विकत मिळत नाही. त्याचे पाच-सहा वर्षांचे पोट भरावे लागते. अनुदानांच्या बातम्यांत त्याचा उल्लेख क्वचित असतो, याचे आम्हाला वैषम्य वाटते.

मूळ प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेत २०१७ साली अशा पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली तेव्हा त्याची किंमत ४,७५,००० डॉलर होती. भारतीय उपचाराचा खर्च परदेशाच्या सुमारे एक दशांश सांगितला जातो. 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी' या नियतकालिकात २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ६४ रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि परिणाम मोजता आलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांत उपचाराला प्रतिसाद दिसला. ही फलश्रुती मोठी आहे. तथापि एक दशांश म्हणजेही काही लाखांचा आकडा, आणि आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या शेतमजुराला तो आजही पेलणारा नाही, हे आम्ही देणगीदारांपासून लपवू इच्छित नाही. चाचणी काळात अनुदानाने बरेच काही भागते. मान्यतेनंतर मात्र रुग्ण आणि औषध यांच्यामध्ये पुन्हा किमतीची भिंत उभी राहते. सिकलसेल आजारासाठी दिल्लीच्या 'आय.जी.आय.बी.' संस्थेने क्रिस्परवर आधारित 'बिरसा १०१' हा उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले आहे. अमेरिकेत याच आजारावरील संपादन-उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. आदिवासी रुग्णांच्या आजारावरील या देशी उपचाराचा दर काय ठरतो, याकडे आमचे लक्ष राहील.

तेव्हा संशोधनाचा पैसा डायलिसिसच्या पैशातून कापला जातो, ही समजूत बरोबर नाही. दोन्हींचे स्रोत व शीर्षे वेगळी आहेत, आणि अनुदानाची रक्कम शासनाने दिली नसती तर ती आमच्याकडे आली असती असेही नाही. प्रश्नाचा दुसरा अर्ध मात्र शिल्लक राहतो : तयार झालेल्या उपचारापर्यंत आपला रुग्ण पोहोचवायचा कोणी? किमतीचा भार उचलण्याची आपल्या न्यासाची ऐपत नाही. परंतु पनवेलहून दहा-बारा किलोमीटरवरील खारघरला निदानासाठी पाठवलेला रुग्ण दुसऱ्या खेपेस केवळ रोजंदारी बुडते म्हणून जात नाही, असे आमच्या समाजसेवा विभागाच्या नोंदवहीत वारंवार आढळले आहे. विश्वस्त मंडळाने यंदापासून रुग्णसाहाय्य निधीतून अशा रुग्णाचा व सोबतच्या एका नातेवाइकाचा प्रवास व भोजन खर्च देण्याचे ठरविले आहे. तो ताळेबंदाच्या परिशिष्टात स्वतंत्र शीर्षाखाली दाखविला जाईल.